जुना पीसी आणि नवे गेम: भंगारात काढण्याआधी

एका पालकांचा प्रश्न असा आहे. घरचा पीसी २०१७ साली घेतलेला. इंटेल आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चिरंजीवांची दहावी झाली, आता सुट्टीत त्यांना सायबरपंक २०७७, घोस्ट ऑफ त्सुशिमा आणि इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल हे तीन गेम खेळायचे आहेत. दुकानदार म्हणाला, "हे भंगार झालं, सगळं नवीन घ्या." बजेट फार तर पंचवीस हजार. याच पीसीवर घरचं टॅलीचं कामही चालतं. तर या पीसीवर नवे गेम चालतील का?

माझं सांगलीत असेम्ब्लीचं आणि रिपेअरिंगचं दुकान आहे आणि अशा मशीन रोज टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो: तीनपैकी एक गेम थोड्या डागडुजीवर बरा चालेल, एक खर्च केला तर चालेल आणि तिसऱ्याचा नाद या बजेटात सोडा. दुकानदार अगदीच खोटं बोलला नाही, पण "सगळं भंगार" हेही खरं नाही.

पीसी किती वर्षांचा आहे, हे सगळेच विचारतात. मी आधी विचारतो, गेम कुठल्या मशीनसाठी बनवला आहे? मोठ्या बजेटचे गेम बनवणाऱ्या कंपन्या आपल्या घरचा पीसी डोळ्यांसमोर ठेवून काम करत नाहीत, कन्सोल ठेवून करतात. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन हे दोन्ही नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. त्यांच्या पोटात एएमडीचा 'जॅग्वार' प्रोसेसर होता. कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आठ, पण एकेक कोर मंद. पीएस४ मध्ये तर १.६ गिगाहर्ट्झ. सोबत साधी फिरती हार्ड डिस्क. पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक मोठा गेम या मापात बसवावा लागला. आपल्याकडचा चार कोरचा आय-फाइव्ह त्या जॅग्वारपेक्षा दमदार, म्हणून २०१४-१५ चा पीसी २०२१ मध्येही तगून राहिला आणि लोकांना वाटायला लागलं की पीसी म्हातारा होतच नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले. त्यांत एएमडीच्या झेन २ जातीचे आठ दमदार कोर, सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या तबकडीशिवायची, फार वेगवान डिस्क) आणि हार्डवेअरमधलं रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढून उजेड-सावल्या रंगवणं. पण झटका तेव्हा बसला नाही. जुने कन्सोल करोडो घरांत होते, गिऱ्हाईक कोण सोडतो? त्यामुळे दोन-तीन वर्षं गेम दोन्हीकडे निघत राहिले. २०२३ च्या सुमारास कंपन्यांनी पीएस४ चा हात सोडायला सुरुवात केली आणि जुने पीसी एकदम धापा टाकायला लागले. "कालपर्यंत सगळं चालत होतं हो," म्हणत लोक मशीन घेऊन येतात. मशीनमध्ये बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. गेमचं माप बदललेलं असतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: हा गेम पीएस४ किंवा एक्सबॉक्स वनवर आला होता का? आला असेल तर २०१६-१७ च्या पीसीला आशा आहे. फक्त पीएस५ आणि सिरीज एक्स-एसवर आला असेल तर आधी शंका, मग खर्च.

सायबरपंक हे याचं नमुनेदार उदाहरण, कारण एकाच गेममध्ये दोन्ही बाजू दिसतात. डिसेंबर २०२० मध्ये तो पीएस४ वरही आला. तेव्हा कंपनीने सांगितलेली किमान गरज होती आय-फाइव्ह ३५७०के, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७८०. हार्ड डिस्कही चालत होती. २०२३ मध्ये त्याचा 'फँटम लिबर्टी' हा विस्तार आला तो फक्त पीसी आणि नव्या कन्सोलवर. त्याच्या आसपास किमान गरज झाली आय-सेव्हन ६७००, १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ६ जीबी आणि एसएसडी सक्तीची. नाव तेच, शहर तेच, तीन वर्षांत यादी एवढी चढली. २०२१ चे यूट्यूब व्हिडिओ बघून "१०५० टीआयवर चालतो की" म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते. तो व्हिडिओ जुन्या आवृत्तीचा असतो.

आता तुमचे तीन गेम.

घोस्ट ऑफ त्सुशिमा हा मुळात २०२० चा पीएस४ चा गेम. पीसीवर मे २०२४ मध्ये आला. किमान यादीत आय-थ्री ७१००, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९६० ४ जीबी. म्हणजे तुमचं मशीन कागदावर यादीच्या वरच आहे. पण यादी नीट वाचा: ती किमान गरज ७२०पी (चित्राची बारकाई, म्हणजे रिझोल्यूशन, १०८०पी पेक्षा कमी), 'व्हेरी लो' सेटिंग आणि सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) यासाठी आहे. 'किमान' म्हणजे मजेत खेळता येईल असं कोणी म्हटलेलं नाही. तुमच्या १०५० टीआयवर १०८०पी निवडून, एफएसआर (लहान चित्र मोठं करून दाखवण्याचं तंत्र) लावून, सेटिंग लोवर ठेवून गेम तिशीच्या वर राहायला हवा. हाच तो डागडुजीवर बरा चालणारा गेम. डागडुजी कुठली ते खाली येतंच.

सायबरपंकची आजची यादी तुमच्या मशीनच्या वर आहे. सुरू होईल, मोकळ्या रस्त्यावर तिशीच्या आसपास जाईल आणि बाजारपेठेच्या गर्दीत शिरला की अडखळेल. यात कार्डाइतकाच प्रोसेसरचा दोष आहे.

इंडियाना जोन्स डिसेंबर २०२४ चा. त्यात प्रकाश आणि सावल्यांचं गणित हार्डवेअर रे ट्रेसिंगवरच बेतलेलं आहे, ते बंद करायची सोयच नाही. किमान कार्ड आरटीएक्स २०६० सुपर, रॅम १६ जीबी, प्रोसेसर आय-सेव्हन १०७००के. जीटीएक्स मालिकेच्या कार्डावर हा गेम हळू चालत नाही, सुरूच होत नाही. मे २०२५ च्या डूम: द डार्क एजेसचीही तीच तऱ्हा. सेटिंग कमी करून भागेल अशी ही भानगड नाही, त्यामुळे चिरंजीवांना आधीच स्पष्ट सांगा. त्यांचा पुढचा प्रश्न जीटीए ६ चा असेल. त्याची घोषणा झाली ती पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, पीएस४ साठी नाही. म्हणून या पीसीत त्याच्या आशेने एक रुपयाही घालू नका.

पीएस४ चा नियम शंभर टक्के नाही. ब्लॅक मिथ: वुकाँग फक्त नव्या पिढीसाठी बनला, तरी त्याच्या किमान यादीत जीटीएक्स १०६० आहे. उलट २०२३ चा ॲलन वेक २ आला तेव्हा मेश शेडर नावाची सोय मागत होता. ती जीटीएक्स १० मालिकेत नाही, त्यामुळे १०८० टीआयसारखं तगडं कार्डही त्यात लंगडं ठरलं. पुढे मार्च २०२४ च्या अपडेटमध्ये ते जरा सुधारलं. म्हणून नियमाने अंदाज बांधा आणि पैसे मोजण्याआधी त्या एकेका गेमची यादी उघडा. वुकाँगचं टेस्टिंगचं सॉफ्टवेअर स्टीमवर वेगळं, फुकट मिळतं. गेम विकत न घेता मशीन तपासता येते.

आता मशीन नेमकी कुठे अडते ते बघू. "ग्राफिक कार्ड बदला" हा सल्ला कोणीही देतो, पण अडचण कार्डातच आहे हे कोणी तपासलं?

प्रोसेसर प्रत्येक फ्रेमची तयारी करतो: कोण कुठे उभं आहे, कोणाला गोळी लागली, रस्त्यावरची माणसं कुठे वळणार. कार्ड ती फ्रेम रंगवतं. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला तरी आचाऱ्याच्या तव्यावरून पोळी उतरेपर्यंत तो रिकाम्या हाताने उभाच. आय-फाइव्ह ७४०० मध्ये चार कोर आणि चारच थ्रेड. सोळा थ्रेडच्या कन्सोलसाठी लिहिलेला गेम त्याच्यावर टाकला की सगळे कोर शंभर टक्क्यांना टेकतात आणि कार्ड साठ टक्क्यांवर वाट बघत बसतं. अशा मशीनमध्ये महागडं कार्ड घातलं तरी फरक पडतो तो चित्राच्या चकचकाटात. झटके तेवढेच राहतात.

हे घरी तपासायला फुकटची एक परीक्षा आहे, मी कार्ड विकण्याआधी ती प्रत्येकाला करायला लावतो. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर, रॅम, कार्डाची मेमरी आणि दोन्हींचं तापमान दिसेल असं लावा. गेममध्ये गर्दीच्या एका जागी जा आणि हलू नका. आकडे कागदावर घ्या. मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा आणि त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून पुन्हा बघा. एफपीएस भरभर वाढले तर अडचण कार्डाची. तिथेच घुटमळले तर प्रोसेसरची, आणि मग कार्डावर पैसे घालणं म्हणजे खर्च करून हात हलवत घरी येणं.

तिसरी शक्यता लोक विसरतात: मेमरी. सरासरी ४५ एफपीएस दिसतात, पण दर अर्ध्या मिनिटाला चित्र क्षणभर गोठतं. भिंतीच्या विटा आधी मेण चोपडल्यासारख्या दिसतात आणि दोन सेकंदांनी स्पष्ट होतात. असं झालं की कार्डाच्या मेमरीचा आकडा बघा. ४ जीबी काठोकाठ भरलेली असते. जागा नाही म्हणून टेक्श्चर (भिंती-कपड्यांवर चढवलेली चित्रं) साध्या रॅममध्ये जातं, ती ८ जीबीसुद्धा भरली की हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅमच्या बदली वापरायच्या जागेत. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, तेही सलग फाइल असेल तर. फुटकळ फाइली शोधताना तिचा जीव जातो. तो गोठलेला क्षण तिथला आहे. टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा, हे झटके बरेच कमी होतील. बाकीच्या सेटिंगशी झटापट करायची गरज नाही.

पैसे घालण्याआधी अर्धा दिवस मशीन साफ करण्यात घाला. बाजूचं झाकण काढा. सात-आठ वर्षांची धूळ प्रोसेसरच्या पंख्याखाली गालिच्यासारखी बसलेली असते, ब्रश आणि ब्लोअरने काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. इंटेलच्या पेटीतल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खिळ्या असतात. त्यातली एक जरी सैल झाली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे तापतो. मग तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपण गेमला शिव्या देतो. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असेल, ती पुसून नवी लावा. हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरते. याला शे-दोनशे रुपये लागतात. कधी कधी मशीन एवढ्यानेच शुद्धीवर येते.

त्यानंतर खर्चाचा पहिला हक्क एसएसडीचा. तुमच्या बोर्डावर एनव्हीएमईची जागा असेलच असं नाही. एच११० च्या बऱ्याच बोर्डांवर ती नसते. साटा एसएसडी घ्या, ती सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास देते आणि या मशीनला तेवढी बस्स आहे. ५०० जीबीच्या खाली जाऊ नका. सायबरपंक ७० जीबी मागतो, त्सुशिमा ७५, वर विंडोज आणि टॅली. जुनी हार्ड डिस्क फोटो-सिनेमांना ठेवा. एसएसडीने सरासरी एफपीएस फारसे वाढत नाहीत हे आधीच सांगतो. पण लोडिंग, टेक्श्चर उशिरा येणं आणि घोड्यावरून भरधाव जाताना बसणारे झटके, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. टॅलीवर बसणारी व्यक्ती तर तुम्हाला दुवा देईल.

मग रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. 'दोनपैकी एक' दिसलं तर तुमची ८ जीबीची एकच पट्टी आहे. शेजारी तशीच दुसरी बसवली की १६ जीबी होते आणि मेमरी दोन चॅनेलवर चालायला लागते. त्याचा फायदा प्रोसेसर अडणाऱ्या जागीच मिळतो. ७४०० हा प्रोसेसर डीडीआर४ मेमरी २४०० च्या वेगानेच चालवतो, त्यामुळे ३२०० ची पट्टी बसली तरी वेगाचे जास्तीचे पैसे मोजू नका. एक कटकट आहे: २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला घेतली आणि त्याची झळ थेट आपल्या गल्लीत आली. म्हणून वापरलेली डीडीआर४ पट्टी घ्यायला मी मागेपुढे बघत नाही. जुन्या बाजारात रॅम हा सगळ्यांत कमी फसवणारा भाग. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवा, एकही चूक आली नाही तर वापरा.

इथवर आलात की त्सुशिमाचं काम झालं. इथे थांबून आठवडाभर खेळू द्या, लगेच कार्डाच्या मागे लागू नका. एफएसआर 'क्वालिटी'वर ठेवा. हे तंत्र चित्र कमी रिझोल्यूशनमध्ये बनवून मोठं करतं आणि जुन्या कार्डांवरही चालतं. एनव्हिडियाचं तसंच तंत्र डीएलएसएस मात्र फक्त आरटीएक्स कार्डांवर. शिवाय फ्रेमला कुलूप लावा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० फ्रेम सरळ बसतात, प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते. मध्येच ४७, मध्येच ३३ अशी उडी मारणारा गेम डोळ्यांना टोचतो. ३० वर स्थिर ठेवलेला गेम त्यापेक्षा गुळगुळीत वाटतो, ही माझी आणि माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांची पसंती. मुलं आधी नाक मुरडतात. सायबरपंकमध्ये 'क्राउड डेन्सिटी' नावाची सेटिंग आहे. ती 'लो' करा. रस्त्यावरची माणसं कमी होतात आणि प्रोसेसरचा घाम पुसला जातो.

कार्ड घ्यायचंच असेल तर त्याआधी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, कारण कार्ड सगळे दाखवतात आणि एसएमपीएस कोणी दाखवत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर '४५० वॅट' असं ठळक छापलेलं असतं. ते वाचू नका. झाकण काढून बाजूचा स्टिकर बघा. तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना असतो, त्याखाली अँपिअर. तिथे १४ लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघेही याच लाइनवर जगतात. ठळक ४५० मधली बाकीची वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यावर फुगवून दाखवलेली असतात, नाहीतर नुसतीच छापलेली. नावाजलेल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ३५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. गेम सुरू होऊन दहा मिनिटांनी मशीन आपोआप रिस्टार्ट होते, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हा स्टिकर बघतो.

तुमची १०५० टीआय ७५ वॅटची, बोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेणारी. त्याच मापात आज बसणारं कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ७० वॅट खाते आणि तिला सहसा वेगळी वायर लागत नाही. ताकद तुमच्या कार्डाच्या दुपटीजवळ, मेमरी दीडपट, वर डीएलएसएस. दुकानात ८ जीबीचंही ३०५० मिळतं. ते अधिक ताकदवान पण वीज जास्त मागणारं, त्याला वायर लागते. नावं सारखी, म्हणून बिल करताना पेटीवर '६ जीबी' वाचून घ्या. दुसरा पर्याय आरएक्स ६६०० ८ जीबी. हे ३०५० पेक्षा बरंच पुढे, पण १३२ वॅट आणि ८ पिनची वायर, म्हणजे त्याच्याबरोबर नवा एसएमपीएस आलाच. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तोही हिशेबात धरा. त्यातून साधारण ३६० वॅट मिळतात, तेही बॅटरी ताजी असेल तर. तीन वर्षांची बॅटरी असेल तर गेमच्या ऐन भरात लाइट गेली की यूपीएस एक शिटी मारतो आणि सगळं अंधारात.

तुमच्या जागी मी असतो तर एसएसडी, रॅम आणि ३०५० ६ जीबी एवढ्यावर थांबलो असतो. ६६०० ची जादा ताकद ७४०० प्रोसेसर वापरूच देणार नाही. पंचवीस हजारांत हे तिन्ही बसतात का, ते रॅमच्या त्या दिवशीच्या भावावर आहे. बसत नसेल तर कार्ड दिवाळीला घ्या, एसएसडी आणि रॅम आज. ३०५० मध्ये रे ट्रेसिंग आहे, मग इंडियाना जोन्स चालेल का, हा प्रश्न येणारच. सुरू होईल. पण ६ जीबी मेमरी आणि हा प्रोसेसर घेऊन तो खेळणं म्हणजे मुलाचा हिरमोड. त्या एका गेमसाठी एवढा अट्टहास असेल तर वापरलेला एक्सबॉक्स सिरीज एस बघणं शहाणपणाचं, गेम त्यावर आहे.

प्रोसेसर बदलायचा असेल तर एक सापळा आहे. तुमच्या बोर्डाचा सॉकेट एलजीए ११५१. आठव्या पिढीच्या आय-फाइव्ह ८४०० चा सॉकेटही ११५१. तो बोर्डात बसतो, झाकण लागतं आणि मशीन चालू होत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. तुमच्या बोर्डावर चालणारा वरचा प्रोसेसर म्हणजे आय-सेव्हन ७७००, चार कोर आठ थ्रेड. वापरलेला मिळतो आणि सायबरपंकच्या गर्दीत फरक जाणवतो. पण विक्रेत्यांना त्याची किंमत माहीत आहे, म्हणून बऱ्याचदा ती अव्वाच्या सव्वा सांगतात. त्या भावात थोडी भर घालून नवा बोर्ड आणि प्रोसेसर येत असेल तर ७७०० घेऊ नका.

वापरलेलं कार्ड घेणार असाल तर घरी आणून नाही, विक्रेत्यासमोर मशीनवर लावून बघा. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. जुन्या कार्डाचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा जोरात चालला होता आणि अशी बनावट एनव्हिडिया कार्डं हे सॉफ्टवेअर नावापुढे 'फेक' लिहून पकडतं. आरएक्स ५८० च्या नावाखाली '२०४८ एसपी' ही उतरती आवृत्ती खपवली जाते, ती वेगळी ओळखा. वीस मिनिटं गेम चालवून बघा. पाच मिनिटांत कळत नाही.

विंडोजचं प्रकरण थोडक्यात, पण महत्त्वाचं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. टॅली आणि बँकेचं काम असलेल्या मशीनवर ती नोंदणी कराच. तुमचा ७४०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. १०५० टीआयचे गेमसाठीचे ड्रायव्हरही एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे. म्हणजे आज चालणारे गेम चालत राहतील, पण उद्याच्या नव्या गेममध्ये काही बिघडलं तर या कार्डासाठी कोणी दुरुस्ती करणार नाही.

ऑनलाइन गेमचं गणित निराळं. बॅटलफील्ड ६ सारखे गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असल्याशिवाय आत घेत नाहीत. ताकदीशी त्याचा संबंध नाही, फसवेगिरी रोखायला ते लावलेलं आहे. तुमच्या प्रोसेसरमध्ये इंटेल पीटीटी नावाने टीपीएमची सोय आहे, बायोसमध्ये बहुधा बंद असते. पण दुकानांत घाईघाईत विंडोज 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं असतं, डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असते आणि मग सिक्युअर बूट चालू होत नाही. नव्या एसएसडीवर विंडोज टाकून घ्याल तेव्हा 'यूईएफआय आणि जीपीटीवर टाका' एवढं एक वाक्य दुकानदाराला सांगा. पुढचा त्रास वाचेल.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे २०११-१२ चा पीसी असेल तर त्याच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ नावाच्या सूचना नाहीत. त्या मागणारे नवे गेम कार्ड कुठलंही घातलं तरी उघडतच नाहीत, त्याच्यावर खर्च करू नका. ऑफिसमधून निघालेले चपटे डेल-एचपी डबे स्वस्त मिळतात, पण त्यांत अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं आणि एसएमपीएसचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला लागत नाही. लॅपटॉपमध्ये रॅम, एसएसडी आणि पेस्ट यापलीकडे हात घालता येत नाही.

गेम स्टीमवर घेणार असाल तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांतली पहिली काही मिनिटं शेडर (कार्डाला चित्र रंगवायच्या सूचना) तयार होण्यात जातात आणि तेव्हा गेम अडखळतो, त्यावरून मत बनवू नका. सरळ गर्दीच्या जागी जा, वर सांगितलेली परीक्षा करा आणि मग ठरवा.

एवढं करून अडलात तर तीन गोष्टी पाठवा: एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, बोर्डावर छापलेलं मॉडेलचं पूर्ण नाव आणि आफ्टरबर्नरचे १०८०पी आणि ७२०पी चे आकडे. कार्डाचं त्यानंतर बोलू.